आर्मीवाल्याचं बुकिंग, आबांचे अडतीस हजार आणि अँटिव्हायरसचा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल त्यालाही संदर्भ लागेल. देवबागला तुमचा चार खोल्यांचा होमस्टे, बुकिंगचे फोन बहुतेक सासरेच म्हणजे आबा उचलतात. मागच्या महिन्यात एका 'मेजर साहेबां'चा फोन आला, चारही खोल्या तीन दिवस पाहिजेत म्हणून, आणि त्या नादात आबांच्या खात्यातून तीन वेळा मिळून ३८ हजार गेले. आबांनी घरात सांगितलं चौथ्या दिवशी. आता तुमच्या मिस्टरांनी मुंबईहून फर्मान काढलंय की आबांचा स्मार्टफोन बंद, यूपीआय बंद, आणि सगळ्यांच्या फोनवर चांगला अँटिव्हायरस टाका. तर तुम्ही विचारताय कुठला टाकू, आणि भावजींचा वेंगुर्ल्याला काजूचा कारखाना आहे तिथे काय काळजी घ्यायची.

मी चिपळूणला गेली बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती, नेटवर्किंग, कॅमेरे बसवणं हे करतो, आणि अलीकडे निम्मा वेळ 'पैसे गेले ओ' म्हणून आलेल्या माणसाबरोबर बँक नाहीतर पोलीस स्टेशनला जाण्यात जातो. त्या अनुभवावरून सांगतो, अँटिव्हायरस घ्या नाहीतर नका घेऊ, आबांचे पैसे त्याने वाचले नसते. फोनमध्ये व्हायरस नव्हताच. आबांनी जे सांगितलं तेच फोनने केलं, अगदी इमानदारीत.

झालं काय असणार ते मी न बघता सांगतो कारण ही गोष्ट मी एवढ्यांदा ऐकली आहे की पाठ झाली. फोन हिंदीत, आवाज दमदार, मागे थोडा गडबडीचा आवाज. व्हॉट्सअॅपवर लगेच आर्मीचं ओळखपत्र, आधार, युनिफॉर्ममधला फोटो. भावात घासाघीस नाही, ही पहिली खूण, आपल्याकडे पाहुणा कधी भावाला पटकन हो म्हणतो का? मग म्हणतो आमचं पेमेंट आर्मीच्या अकाउंटमधून होतं, त्याची प्रोसेस वेगळी असते, आधी तुम्ही मला एक रुपया पाठवा. तुम्ही एक पाठवता, तो दोन परत पाठवतो. इथेच माणूस फसतो, कारण पैसे खरंच आले ना! मग एक क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, बारा हजार जमा होतील. ते जमा होत नाहीत, जातात. की लगेच 'अरेरे सर, सर्व्हर प्रॉब्लेम, परत एकदा करा म्हणजे दोन्ही मिळून येतील.' हे सगळं चालू असताना फोन चालूच ठेवायला लावतो. विचार करायला मधे दोन मिनिटं मिळाली की धंदा बसतो ना त्याचा.

माझ्याकडे मालवणकडचे एक आजोबा आले होते, तेही असेच खानावळवाले, ते डोक्याला हात लावून एकच वाक्य बोलत होते, "माका वाटला पैशे येतत." स्क्रीनवर मोठ्या अक्षरात पे लिहिलेलं असतं, पण कानात दुसराच माणूस 'रिसीव्ह होतंय, रिसीव्ह होतंय' म्हणत असताना डोळ्याला दिसलेलं डोक्यात जात नाही. हे म्हातारपणामुळे होत नाही, माझ्याकडे याच प्रकारात फसलेला एक इंजिनीअरिंगचा पोरगा पण आलेला आहे.

तर घरात एवढंच वाक्य पाठ करून घ्या की यूपीआयचा पिन हा पैसे पाठवायला लागतो, नाहीतर बॅलन्स बघायला. घ्यायला कधीच लागत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयवर पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवणं बंद केलं, कारण त्यावरून बरीच फसवाफसवी चालायची, पण क्यूआर आहेच की, तो दुकानात लागतोच, तो कसा बंद करणार. आणि खरे फौजी आपल्या गावागावांत आहेत, त्यांना विचारा, त्यांचं पेमेंट तुमच्या-माझ्यासारखंच होतं, आर्मीचं उलटं यूपीआय असलं काही नसतं.

आता गेलेल्या पैशांचं. एवढे दिवस उलटले म्हणून गप्प बसू नका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका, शिवाय बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोचपावतीचा शिक्का घ्या. फोन लावायच्या आधी कागदावर लिहून ठेवा: आबांच्या बँकेचं नाव, तिन्ही व्यवहारांची वेळ आणि रक्कम, प्रत्येकाचा यूटीआर नंबर (म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, तो बारा आकडी असतो, अॅपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो), ज्या यूपीआय आयडीला गेले तो, आणि भामट्याचा मोबाईल नंबर. व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात लोक आधी तेच करतात.

१९३० चं काम कसं चालतं ते कळलं की घाई का करायची तेही कळेल. पैसे एका खात्यात जाऊन बसत नाहीत. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिथून तुकडे होऊन पाच-सात खात्यांत, मग कुठेतरी एटीएममधून रोख. तक्रार आली की ज्या खात्यात पैसे अजून पडून आहेत तिथे बँक ते होल्ड करते. म्हणजे ही शर्यत आहे, अर्ध्या तासात सांगितलं तर बरंच काही अडतं, चौथ्या दिवशी अडलं तर नशीब. तरी करायचं, कारण त्याच खात्याविरुद्ध आणखी कोणी आधी तक्रार केली असेल तर काही रक्कम आधीच अडकलेली असू शकते.

बँक भरून देईल का हा पुढचा प्रश्न येणारच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, त्यात चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही भार येत नाही, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. पण आपणच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आबांच्या बाबतीत पिन आबांनीच टाकला, त्यामुळे खोटी आशा लावत नाही. अर्ज मात्र द्यायचाच.

मला खरं जे बोलायचंय ते त्या चार दिवसांबद्दल आहे.

आबा चार दिवस का बोलले नाहीत? लाज. आपल्या गावात सकाळी झालेली गोष्ट दुपारी बाजारात गजालीला असते. 'म्हाताऱ्याक गंडवल्यानी' हे ऐकण्यापेक्षा अडतीस हजार गेलेले परवडले असं माणसाला वाटतं. चोराला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो कधी धमकी देतो, कधी म्हणतो 'घरी सांगू नका, सरप्राइज आहे', काहीही करून माणसाला एकटा पाडतो. आणि नंतर आपण घरातले फोन काढून घेऊन, चार लोकांत टोमणे मारून त्याचंच काम पुढे नेतो. पुढच्या वेळी आबा चार दिवसांनी पण सांगणार नाहीत.

आपल्याकडे गंमत बघा, विहीर कुठे खणायची तर देवीला कौल लावतात, पोरीचं स्थळ आलं तर चार वाड्यांत चौकशी होते, आंब्याचं कलम विकत घ्यायचं तर झाडाखाली जाऊन बघून येतात. आणि पन्नास हजार पाठवायचे तर कोणाला विचारायचं नाही, दहा सेकंदांत अंगठा. म्हणून मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना 'कौल लावा' असंच सांगतो. घरात एक रक्कम ठरवा, समजा पाच हजार. त्याच्यावरचा कुठलाही पैसा, कितीही अर्जंट असो, फोन ठेवून घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय जाणार नाही. तुम्ही आबांना विचारायचं, आबांनी तुम्हाला, आणि मिस्टरांनी पण, त्यांना वाटतं ते मुंबईत आहेत म्हणजे फसणार नाहीत. नियम सगळ्यांना एकच असला की आबांना आपल्यावर पाळत आहे असं वाटत नाही. आणि बँकेला, वीज मंडळाला, कुरिअरला उलटा फोन लावायचा असेल तर नंबर पासबुकावरून, कार्डाच्या मागून, बिलावरून घ्यायचा. गुगलवर 'कस्टमर केअर' सर्च करून जो पहिला नंबर येतो त्यावर कधीच नाही, तिथे भामट्यांनी नंबर पेरून ठेवलेले असतात.

होमस्टेचा आणखी एक प्रकार जो लोकांना माहीत नाही आणि त्यात प्रामाणिक माणूस अडकतो. कोणीतरी बुकिंगचे म्हणून आठ हजारांऐवजी चुकून अठरा हजार पाठवतो. खरंच येतात, बँकेत दिसतात. मग फोन, 'जास्तीचे दहा ह्या दुसऱ्या नंबरवर परत करा'. तुम्ही सज्जनपणे करता. आणि पंधरा दिवसांनी तुमचं खातं गोठतं, कारण ते अठरा हजार दुसऱ्या कोणालातरी लुबाडलेले होते आणि पैशाचा माग तुमच्या खात्यातून गेला. मग ऐन सीझनमध्ये, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांना मेल लिहीत बसणार. म्हणून परतावा ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, आणि बँकेशी बोलूनच. याचाच एक भाऊ म्हणजे नुसता 'जमा झाले' असा मेसेज येतो, साध्या दहा आकडी नंबरवरून, प्रत्यक्षात जमा काहीच नसतं. मेसेजवर किंवा पाहुण्याच्या मोबाईलमधल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःचं अॅप उघडून हिस्टरी बघायची. तुमच्याकडे रेंज जाते हे मला माहिती आहे, तारकर्लीला मी एकदा एक ओटीपी यायची वाट बघत अर्धा तास माडाखाली उभा होतो, पण रेंज नाही तोवर चावी पण नाही, पाहुण्याला सोलकढी द्या आणि बसवून ठेवा.

धंद्याचं खातं आणि घरचं बचत खातं वेगळं करा. यूपीआयला जोडलेल्या खात्यात पंधरा-वीस हजारच्या वर ठेवायचं नाही, दर दोन दिवसांनी उचलून दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. यूपीआय बंद करायची मग गरजच नाही, आणि खरं सांगायचं तर बंद करून होमस्टे चालवून दाखवा मिस्टरांना म्हणावं.

गुगल मॅपवर तुमच्या होमस्टेची नोंद तुमच्याच ताब्यात आहे का बघा. मॅपवर कोणीही माणूस 'नंबर बदललाय' असं सुचवू शकतो, आणि नोंदीला कोणी मालक नसेल तर ते कधीकधी चालूनही जातं. मग पाहुणे अॅडव्हान्स भलत्यालाच देतात आणि बॅगा घेऊन तुमच्या दारात उभे राहतात, पोरंबाळं गाडीत झोपलेली, आणि तुमच्याकडे खोली नसते. भांडण तुमच्याशी, वाईट रिव्ह्यू तुम्हाला. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःचा होमस्टे शोधून नंबर वाचायचा. आणि पाहुण्याला आधीच सांगायचं की पैसे पाठवताना अमुक नाव दिसलं तरच पाठवा. पाहुण्यांच्या आधारचे फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत असाल तर आजपासून बंद करा, मास्क केलेलं आधार मागा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

फसवणाऱ्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा पक्कं असतं. एप्रिलमध्ये हापूसच्या पेटीच्या जाहिराती, फोटो देवगडच्या बागेचे आणि पैसे घेतल्यावर नंबर बंद. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, बोटवाल्याच्या हातात पैसा नसतो, तेव्हा 'डिझेल परतावा अडकलाय, लिंक भरा'. गणपतीच्या आधी कन्फर्म तिकीट मिळवून देणारे एजंट. लग्नसराईत पत्रिका. ही पत्रिका म्हणजे पीडीएफ नसते, फाइलच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं. एपीके म्हणजे अॅप. ते टाकलं आणि त्याने मागितलेल्या परवानग्या दिल्या की ते तुमचे एसएमएस वाचतं, ओटीपी परस्पर पुढे पाठवतं आणि तुमच्याच नंबरवरून गावातल्या सगळ्यांना तीच पत्रिका जाते. म्हणून ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून उघडायचं नाही. ट्रॅफिक चलन, पीएम किसान, वीजबिल, सगळ्या नावांनी हेच येतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी अॅप इन्स्टॉल' असं शोधा आणि व्हॉट्सअॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर ते बंद करा, प्ले प्रोटेक्ट म्हणजे प्ले स्टोअरमधली गुगलची अॅप-तपासणी चालू ठेवा. अँटिव्हायरसचे पैसे वाचले. चुकून टाकलंच तर आधी फ्लाइट मोड, सिम काढायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला सांगायचं, मग फोन फॅक्टरी रीसेट.

डिजिटल अरेस्टबद्दल आबांना एकदा शांतपणे सांगून ठेवा. व्हिडिओ कॉलवर पोलीस, सीबीआय, न्यायाधीश दिसतात, तुमच्या नावाने पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, खोलीतून हलायचं नाही. असली अटक कायद्यात नाहीच, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्येही हे सांगितलं होतं. मुलं मुंबई-पुण्याला आणि गावात दोघंच म्हातारे, अशा घरांना हे फोन जास्त लागतात कारण मधे दार वाजवून कोणी येत नाही. शेजाऱ्याला सांगून ठेवा, आबांचं दार दिवसभर बंद दिसलं तर हाक मारा म्हणून.

आता भावजींचा कारखाना. तिथे क्यूआरवाला येणार नाही, तिथे मेल येईल, आणि आकडा लाखांत असेल. माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो, काजूवालेच, कच्चा माल आफ्रिकेतून मागवतात. सप्लायरशी सहा महिने मेलवर व्यवहार चाललेला, बिल आलं, आणि दोन दिवसांनी त्याच मेलच्या साखळीत दुसरी मेल, 'आमच्या बँकेत ऑडिट चालू आहे, पैसे ह्या नव्या खात्यात पाठवा'. लेटरहेड तेच, सही तीच, इंग्रजीतल्या चुका पण त्याच. वाचले ते केवळ बँकेतल्या बाईंमुळे, त्यांनी फॉर्म बघून विचारलं की माल बेनिनचा आणि खातं भलत्याच देशात कसं? मी जाऊन मेलबॉक्स उघडला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, ते चष्मा लावून पण दिसलं नसतं. पण खरी गोष्ट फिल्टरमध्ये होती. कोणीतरी ह्यांच्याच मेलमध्ये घुसून एक नियम लावून ठेवला होता की खऱ्या सप्लायरची मेल आली की ती वाचलेली दाखवून आर्काइव्हमध्ये टाक. म्हणजे खरा सप्लायर 'पैसे कधी?' विचारत होता आणि ह्यांना ते दिसतच नव्हतं! पासवर्ड गेला कसा तर महिनाभरापूर्वी 'डॉक्युमेंट बघण्यासाठी लॉगिन करा' अशी एक लिंक क्लार्कने उघडली होती.

भावजींना सांगा, आज संध्याकाळी जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग हे दोन्ही टॅब उघडून बघा, तिथे तुम्ही न टाकलेलं काही असेल तर ते काढा, पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट करा. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू करा, मेलला आणि व्हॉट्सअॅपला पण. आणि बँक खातं बदलल्याची मेल आली की जुन्या व्हिजिटिंग कार्डवरच्या नंबरवर फोन करून आवाज ओळखूनच पैसे. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

हिशेबाचा बॅकअप घेतात का तेही विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठी शिरली तेव्हा बाजारपेठेतली दुकानं बुडाली, आणि त्यानंतर महिनाभर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या हार्ड डिस्क येत होत्या. बॅकअप खूप जणांनी घेतला होता. पण कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची डिस्क खालच्या ड्रॉवरमध्ये, दोन्ही पाण्यात. एका साडीवाल्याचं मात्र वाचलं कारण त्याच्या बायकोने पेन ड्राइव्ह माहेरी संगमेश्वरला नेऊन ठेवला होता, ते पण गाण्यांसाठी म्हणून. त्यामुळे एक कॉपी दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर, आणि जी डिस्क आहे ती काम झालं की काढून ठेवायची. कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला की ती पण कुलूपबंद होते. क्रॅक केलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरत असतील तर रॅन्समवेअर यायचा रस्ता बहुतेक तोच, हे मी ओरडून थकलो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच असेल, बदला, आणि तुमच्या होमस्टेत पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नावाने द्या.

कारखान्यातली पोरं कोणी 'खातं भाड्याने दे, महिना पाच हजार' अशा ऑफरला भुलली नाहीत ना तेही कानावर घाला. चोरीचा पैसा त्याच खात्यांतून फिरतो आणि पोलीस पहिले त्याच पोराच्या दारात येतात.

आबांचा फोन परत द्या, ताई. आधी त्यातल्या बँकेच्या अॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करून घ्या, आबांच्या समोर बसून, त्यांच्याच हाताने. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' साइटवर त्यांच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या, आणि आधारचं बायोमेट्रिक (अंगठा-डोळ्यांची ओळख) लॉक करून टाका, अंगठ्यावर पैसे काढायला जात नसतील तर त्यांचं काही अडत नाही. मग पुढचं बुकिंग त्यांनाच घेऊ द्या, तुम्ही स्वयंपाकघरातून कान देऊन ऐका फक्त. एवढी वर्षं ते पाहुण्यांशी बोलतायत, भाव न घासणारा पाहुणा कसा असतो हे त्यांना आता तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. १९३० ची तक्रार झाली की तिचा नंबर बँकेच्या अर्जावर लिहायला विसरू नका, तो नसेल तर काउंटरवरून परत पाठवू शकतात.